मोजके सूर वाजवणाऱ्या बेसिस्टमध्ये ऐकायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ज्येष्ठ सेशन बेसिस्टचा, म्हणजे स्टुडिओत इतरांच्या गाण्यांवर बेस गिटार वाजवणाऱ्याचा, कार्यक्रम पाहिला. सोबतचे जाणकार ‘काय टोन आहे!’ म्हणून माना डोलावत होते. प्रश्नकर्त्याच्या पदरी मात्र दोन तासांत मोजके सूर आणि पोटात घुमणारी गुरगुर एवढंच पडलं. याच वादकाची रेकॉर्डिंग्ज घरी छान वाटतात, प्रत्यक्षात सगळा लगदा वाटला, आणि फोनवर काढलेल्या क्लिपमध्ये तर बेस गायबच आहे. मग आपला कान कमी पडतोय, की लोक नावाला भुलतात? आणि जाता जाता एक उपप्रश्न: तीच गिटार, त्याच तारा घेतल्या तर तो आवाज मिळेल का?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. वादकाने काय वाजवलं हा एक, आणि त्यातलं तुमच्यापर्यंत काय पोहोचलं हा दुसरा. खर्जात या दोन गोष्टींमध्ये फार मोठं अंतर पडू शकतं. सभागृह कसं होतं, तुम्ही कुठे उभे होता, मिक्सिंग कसं होतं, यावर उत्तराचा बराच भाग अवलंबून आहे. त्या रात्री वादन खरोखरच बेताचं झालं असेल, हेही शक्य आहे. ज्येष्ठ वादकाचा प्रत्येक कार्यक्रम चांगला होतोच असं नाही, आणि न आवडलेल्याला उसनी दाद देण्याची गरज नाही. पण ‘मोजके सूर’ ही तक्रार असेल तर तिचं उत्तर आहे. तिथूनच सुरुवात करतो.

सेशन वादक दुसऱ्याच्या गाण्यात, घड्याळ समोर ठेवून वाजवतो. अमेरिकेतल्या संगीतकारांच्या संघटनेच्या करारात नेहमीचं रेकॉर्डिंग सत्र ३ तासांचं असतं. तेवढ्या वेळात कॉर्ड्सचा कागद पहिल्यांदाच समोर येतो, गाणं एक-दोनदा ऐकलं जातं आणि टेक, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, सुरू होतो. अशा कामात पुन्हा बोलावणं येतं ते ज्याच्या वाजवण्यात नंतर काहीच दुरुस्त करावं लागत नाही त्याला. सगळे सूर एका वजनाचे, गायकाच्या शब्दांवर पाय न देणारे, आणि तिसऱ्या कडव्यातही पहिल्या कडव्याइतकेच नेमके. तीस-चाळीस वर्षं हे केलेला माणूस मंचावर आला की हीच शिस्त सोबत आणतो. त्यामुळे त्याचे सूर मोजून फारसं काही हाती लागत नाही. मोजायचंच असेल तर सुराची लांबी मोजा.

माझ्या मते अनुभवी बेसिस्टचा निम्मा टोन सुराच्या शेवटात असतो. आपलं लक्ष सूर सुरू होतो तिथे जातं आणि तो कुठे संपला हे आपण ऐकतच नाही. बेस गिटारच्या सुराला भरपूर आस असते. तार छेडून सोडून दिली तर सूर कितीतरी सेकंद रेंगाळतो. तो कुठे तोडायचा हा निर्णय वादकाचा. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३०० ची, पाव १५० ची. पहिल्या मात्रेवर लागलेला सूर दुसऱ्या मात्रेवरच्या स्नेअर ड्रमच्या ऐन ठोक्याला तुटला, तर स्नेअर टणकन पुढे येतो. तोच सूर स्नेअरच्या अंगावरून पुढे वाहत गेला, तर स्नेअर मऊ पडतो आणि गाणं जरा जड चालतं. आणि सूर अर्ध्या मात्रेतच तोडला, तर मध्ये एक रिकामी जागा तयार होते. तिथे हाय-हॅट (ड्रमरची झांजांची जोडी) किंवा गिटारचा खटका ऐकू येतो. तीनही वेळा वाजवलेला सूर एकच, जागा एकच. बदलला तो फक्त शेवट.

हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बेस तोंडाने म्हणणं. लांब सूर ‘दूऽऽम’, तोडलेला सूर ‘दुप्’, आणि ज्याला सूरच नाही, नुसता खटका आहे, असा ‘टक्’. तबल्यातले खुले आणि बंद बोल ज्याला कळतात त्याला हे लगेच जमेल. ओळखीच्या गाण्यातल्या आठ मात्रा घ्या आणि बेससोबत म्हणा. पहिल्या दोन प्रयत्नांत तुम्ही सगळंच ‘दूम दूम’ म्हणाल. तिसऱ्यांदा फक्त शेवटांकडे कान लावा. जिथे तुमचा ‘म’ अजून चालू आहे आणि रेकॉर्डिंगमधला सूर केव्हाच बंद झालाय, अशा चार-पाच जागा सापडतील. त्या वादकाची कारागिरी त्या जागांमध्ये आहे.

सूर तोडायचे मार्गही वेगवेगळे आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. डाव्या हाताचं बोट फ्रेटवर (वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) नुसतं सैल केलं, तार सोडली नाही, तर सूर हलकेच विझतो. उजव्या हाताचं पुढचं बोट तारेवर आधीच येऊन टेकलं तर सूर कात्रीने कापल्यासारखा तुटतो आणि त्याला बारीक ‘टक्’ जोडला जातो. तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा वाद्याच्या धडावर टेकतात तिथे, टेकवली तर सूर जन्मतःच आखूड असतो. खुल्या तारेवरच्या सुराला डावा हात सैल करून बंद करता येत नाही, तिथे कुठल्या तरी हाताने तार मुद्दाम झाकावी लागते. नवख्याच्या वादनात खुली तार मागे गुणगुणत राहते आणि पुढचा सूर तिच्यात मिसळतो. पुष्कळदा ‘लगदा’ वाटतो तो यामुळे. ज्येष्ठ वादकाच्या बाबतीत मात्र या कारणाची शक्यता मी सगळ्यात शेवटी धरेन.

कडव्यात आखूड आणि ध्रुवपदात लांब, हा तर या धंद्यातला जुना हिशेब. सूर तेच, संख्या तीच, आवाजाची पातळीही जवळपास तीच. तरीही ध्रुवपद आलं की गाणं रुंद झाल्यासारखं वाटतं आणि श्रेय गिटारला किंवा कोरसला मिळतं. पुढच्या वेळी ध्रुवपदाच्या उंबरठ्यावर फक्त बेसची लांबी ऐका.

आता लय. ड्रमरच्या किक ड्रमशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) बेसचा सूर नेमका एकत्र पडतो, किंचित आधी, की किंचित नंतर? हा फरक १०-२० मिलिसेकंदांचा असतो आणि तो सुटा ऐकू येत नाही, अंगाला जाणवतो. किंचित मागे बसणारा बेस गाण्याला ऐसपैस बसवतो, पुढे झुकणारा त्याला ढकलतो. मागे बसणं आणि रेंगाळणं यांत लोक गल्लत करतात, म्हणून एक साधी तपासणी सांगतो. फोनवर लय मोजणारं अॅप घ्या, गाण्याच्या सुरुवातीला आठ मात्रा बोटाने ठोकून आकडा पाहा, शेवटी पुन्हा पाहा. बेस मागे बसला असूनही लय जिथल्या तिथे असेल, तर ते मुद्दाम केलेलं आहे. लय कडव्यागणिक घसरत असेल, तर कुणीतरी रेंगाळतंय, आणि तो बेसिस्टच असेल असंही नाही. कानात लयीचा ठोका देणाऱ्या क्लिकशिवाय वाजवणाऱ्या बँडची लय ध्रुवपदात एक-दोन आकड्यांनी वर गेली तर तो दोष समजू नका.

मग ज्याला सगळे टोन म्हणतात तो आवाजाचा रंग. इथे वाद्याच्या नावाला नको इतकं महत्त्व दिलं जातं. सर्वांत मोठा फरक पडतो तो तार कुठे छेडली यामुळे. तारेच्या बरोबर मधोमध छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा असे सम स्वरांश (मूळ सुरासोबत उठणारे वरचे सूर) उठतच नाहीत आणि आवाज पोकळ, गोल लागतो. ब्रिजकडे सरकलं की वरचे स्वरांश वाढतात, आवाज घट्ट आणि टोकदार होतो, खर्ज मात्र पातळ होतो. अनुभवी वादकाचा उजवा हात एका गाण्यात दोन-चार बोटं इकडेतिकडे सरकतो: कडव्यात फ्रेटबोर्डच्या टोकाशी, ध्रुवपदात पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी पट्टीच्या) मागे. कुठलंही बटण न फिरवता आवाज बदललेला असतो. मंचावर पाहण्यासारखी गोष्ट ही. डाव्या हाताच्या करामतींपेक्षा उजव्या हाताच्या या स्थलांतरातून बरंच जास्त शिकायला मिळतं.

एकाच जातीच्या वाद्यातून किती वेगळे आवाज निघतात याचं उदाहरण घ्या. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला आणि त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ साली. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंग्जवर वाजवणारे जेम्स जेमर्सन हेच वाद्य वाजवत: १९६२ चं मॉडेल, जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या फ्रेटबोर्डपासून बऱ्याच उंच, ब्रिजवरच्या झाकणाखाली फोम, आणि छेडायला फक्त तर्जनी. तारा ते सहसा बदलत नसत. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरल के मूळच्या गिटारवादक म्हणून आलेल्या. त्याही प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंड वापरत, पण वाजवत पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने), आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्ट ठेवून. एकाचा आवाज गोल, बोलका, सतत हलणारा. दुसरीचा सुबक टकटकीत, लहानशा रेडिओवरसुद्धा ऐकू येणारा. वाद्य आणि तारा सारख्याच, तरी दोघांना कुणी एकमेकांच्या जागी ओळखणार नाही.

फ्लॅटवाउंड तार सपाट फितीने गुंडाळलेली असते. तिच्यावर बोट सरकल्याचा करकराट येत नाही आणि वरचे स्वरांश लवकर विझतात. गोल तारेने गुंडाळलेली राउंडवाउंड नवी असताना पियानोसारखी झणझणते आणि काही आठवड्यांच्या वाजवण्यात घाम-मळाने मंद होते. त्यामुळे ‘अमक्या तारा’ एवढ्यावर भागत नाही, त्या किती जुन्या आहेत हेही विचारावं लागतं. पिकअपबद्दल एवढंच: १९६० पासूनच्या जॅझ बेसला दोन पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर मधल्या पट्टीत खळगा पडतो, मागचा एकटा ठेवला तर आवाज नाकातून बोलल्यासारखा पुढे येतो. मंचावर वादकाचा हात बटणांकडे गेला की कान टवकारा, पण लगेच निष्कर्ष काढू नका. लेलँड स्क्लार हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. त्यांच्या बेसवर एक स्विच आहे, जो कशालाच जोडलेला नाही. निर्मात्याने वेगळा आवाज मागितला की ते तो स्विच खटकन हलवतात, बोटांची जागा जराशी बदलतात, आणि निर्माता खूश. याला ‘प्रोड्युसर स्विच’ म्हणतात. विनोद आहे खरा, पण आवाज कुठून येतो याचं याहून थोडक्यात उत्तर मला तरी माहीत नाही.

रंगाइतकाच महत्त्वाचा आहे समतोल. जाड तारेवरचा सूर आणि बारीक तारेवरचा सूर, पहिलं बोट आणि दुसरं बोट, सगळ्यांचं वजन एक. बेसवर कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबून पातळी सारखी करणारं यंत्र) लावताना माझी नेहमीची सुरुवात असते ४:१ प्रमाण, अटॅक २०-३० मिलिसेकंद म्हणजे सुरुवातीचा आघात सुटून जाईल असा, आणि मोठ्या सुरांवर ३ ते ६ डेसिबलची कपात. कच्च्या हातावर ही कपात दाखवणारी सुई प्रत्येक सुराला वेगळीकडे उडते. मुरलेल्या हातावर ती एकाच जागी श्वास घेतल्यासारखी खालीवर होते, आणि पुष्कळदा कॉम्प्रेसर काढून टाकला तरी चालतं. श्रोत्याला सुई दिसत नाही, पण परिणाम ऐकू येतो: असा बेस आवाज कमी केला तरी हरवत नाही. गाणं अगदी हळू आवाजात लावा. बेस मध्येच येतो-जातो, की धाग्यासारखा सलग राहतो, ते तपासा. हळू आवाजात आपला कानच खर्जाला कमी दाद देतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं होतं. तेवढी सूट देऊनही धागा तुटला नाही, तर हात चांगला.

इथवर चार गोष्टी झाल्या: सुराचा शेवट, किकशी नातं, उजव्या हाताची जागा, आणि वजनाचा समतोल. चारही गोष्टी एकाच सुरावर ऐकता येतात, म्हणून ‘मोजके सूर’ ही अडचण राहत नाही.

सूर कोणता निवडला, हे अर्थात आहेच. बहुतेक वेळ मूळ सूर, पंचम आणि सप्तक यांवरच भागतं. गंमत येते ती वादक मूळ सूर सोडतो तेव्हा. गिटारवर सी कॉर्ड चालू असताना बेसने सी ऐवजी ई धरला, की तोच कॉर्ड अधांतरी, पुढे जायला उत्सुक वाटतो. कॉर्ड बदलला नाही, फक्त त्याच्या पायाखालची जमीन बदलली. असा सूर चार मिनिटांत एखाद-दुसऱ्यांदाच येतो आणि बहुधा ध्रुवपदाच्या अलीकडे. आधी सोळा मात्रा मूळ सूर निमूटपणे धरलेला असतो, म्हणूनच तो एक सूर बोचतो.

आता तुमच्यापर्यंत काय पोहोचलं त्याकडे. बेसच्या जाड ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ, ए ची ५५. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ४१ हर्ट्झची लहर ८.३ मीटर लांब. एवढी लांब लहर भिंतीवर आपटून परतते आणि येणाऱ्या लहरीशी कुठे जुळते, कुठे कापली जाते. मागच्या भिंतीपासून पाव लहरीच्या अंतरावर, म्हणजे ई साठी साधारण २ मीटरवर, तो सूर जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. भिंतीला खेटून उभं राहिलं तर तोच सूर फुगतो, कोपऱ्यात सर्वांत जास्त. मंचाच्या दोन्ही बाजूंना सबवूफर असतील तर मधल्या रेषेत दोघांचा आवाज एकाच वेळी येतो. बाजूला सरकलात आणि दोघांपासूनच्या अंतरात ३.१ मीटरचा फरक पडला, की ५५ हर्ट्झचा ए कापला जातो. एकाच सभागृहात दोन माणसांनी दोन वेगळे बेसिस्ट ऐकलेले असतात, ते असे.

म्हणून जागा निवडताना मधली रेषा धरा, मिक्सिंगच्या टेबलाच्या आसपास, भिंती आणि बाल्कनीच्या छताखालची जागा टाळून. मंचाला चिकटून उभं राहिलं तर वादकाच्या अँपचा आवाज आणि बाजूच्या स्पीकरचा आवाज वेगवेगळ्या वेळी येतात आणि सुराची सुरुवात फिसकटते. फोमचे स्वस्त इअरप्लग उंच स्वर जास्त आणि खर्ज कमी अडवतात. त्यामुळे बोटाचा आघात नाहीसा होतो आणि नुसती घुमघुम उरते. कान जपायचे तर जपाच, पण सर्व पट्ट्या सारख्या कमी करणारे, खास संगीतासाठी बनवलेले प्लग घ्या.

दोष कुणाचा, हेही बऱ्यापैकी ओळखता येतं. ठरावीक एक-दोन सूरच फुगत असतील आणि शेजारचे गायब होत असतील, तर ते सभागृह. दोन पावलं पुढे-मागे होऊन पाहा, फुगणारे सूर बदलतील. सगळेच सूर सारखे लोकरीसारखे लागत असतील, तर मिक्स: ६०-८० हर्ट्झची पट्टी नको तितकी चढवलेली असते, किंवा थेट लाइन (वाद्यातून केबलने सरळ मिक्सरला येणारा आवाज) आणि अँपसमोरचा माइक एकमेकांना खात असतात. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही एकत्र केले की ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि सूर ओळखू येण्यासाठी लागणारा भाग नेमका तिथलाच. लाइन तेवढीच उशिरा केली की खड्डा भरतो, पण घाईच्या साउंडचेकमध्ये हे राहून जातं. आणि कुठेही उभं राहिलं तरी काही सूर दबलेले, काही उसळलेले, काही नको तिथे रेंगाळलेले असतील, तर मात्र ते वादकाच्या हाताचं.

लय डोळ्यांनी जोखू नका. ३० मीटरवरून बोट हललेलं लगेच दिसतं, पण सूर जवळपास ९० मिलिसेकंदांनी पोहोचतो. किक आणि बेस दोन्ही त्याच स्पीकरमधून येत असल्याने त्यांचं आपसातलं नातं शाबूत असतं, तेवढंच ऐका. डोळ्यांना दुसरं काम द्या: वादक कुणाकडे पाहतोय ते टिपा. ड्रमरच्या पायाकडे, गायकाच्या श्वासाकडे, की स्वतःच्या बोटांकडे? शेवट लांबवायचा ठरला तर त्याची मान सर्वांत आधी वळते.

रेकॉर्डिंग आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाची आणखी दोन कारणं आहेत. वयानुसार गायक पट्टी उतरवतात. मूळ गाणं ई मध्ये असेल आणि आता डी मध्ये गायलं जात असेल, तर चार तारांच्या बेसवर तो तळाचा सूर उरतच नाही. मग पाच तारांचा बेस घ्या, ज्याची खालची बी ३१ हर्ट्झच्या आसपास असते आणि अनेक ध्वनियंत्रणा ती धड काढू शकत नाहीत. किंवा जाड तार डी पर्यंत उतरवा, ज्याने ती सैल पडते आणि तिच्यावरच्या बोटांच्या सगळ्या जागा दोन फ्रेटने सरकतात. किंवा तो सूर एक सप्तक वर घ्या. तिन्हींमध्ये ओळखीची ओळ थोडी अनोळखी होते. कोणता मार्ग निवडला आणि तो खपवला कसा, हे ऐकण्यात मला कुठल्याही सोलोपेक्षा जास्त रस असतो.

दुसरं कारण थरांचं. लू रीड यांच्या १९७२ सालच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ या गाण्यात हर्बी फ्लॉवर्स यांनी आधी उभा डबल बेस आणि मग त्यावर बेस गिटार असे दोन थर वाजवले. मंचावर एकट्या वादकाकडे एकच वाद्य असतं, तेव्हा त्याला दोन्हींतलं काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. दुसऱ्याची ओळ तशीच्या तशी वाजवायची की आपल्या हाताने, हाही निर्णयच. जून २००२ मध्ये ‘द हू’ या बँडचे बेसिस्ट जॉन एन्टविसल यांचं निधन झालं, तेव्हा काहीच दिवसांत त्यांच्या जागी पिनो पॅलाडिनो बँडसोबत मंचावर होते. एन्टविसल यांचा राउंडवाउंडचा झणझणीत, सतत पुढे येणारा बेस एका टोकाला. पॅलाडिनो यांचा हात कमी बोलणारा. ऐकताना ‘मूळसारखं नाही’ म्हणून गुण कापू नयेत, बँड उभा राहिला की नाही ते पाहावं.

घरच्या ऐकण्यासाठी थोडं. बंद कपाचे वायरचे हेडफोन घ्या आणि फोनमधलं खर्ज वाढवणारं सेटिंग बंद करा. सूर कळत नसेल तर एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं एक सप्तक वर चढवा, ४१ हर्ट्झचा सूर ८२ वर येतो आणि ओळ लख्ख ऐकू येते. ओळ पाठ झाली की मूळ पट्टीत परत या, नाहीतर रंग चुकीचा कानात बसेल. गाण्यातून बेस वेगळा काढणारी साधनं आता सहज मिळतात. ओळ शोधायला ती ठीक, टोन जोखायला नाही: किकचा आघात बेसमध्ये मिसळतो आणि सुरांचे शेवट खाल्ले जातात, म्हणजे जे ऐकायचं तेच जातं. खरा सुटा ट्रॅक हाती लागला तर वेगळाच धक्का बसतो. तारांची खरखर, फ्रेटची कर्रकर्र, सगळं ओबडधोबड. बाकीची वाद्यं आली की तीच खरखर सुराला धार देते.

उपप्रश्नाचं उत्तर: तीच गिटार घेऊन तो आवाज मिळणार नाही, पण जवळ जाता येतं आणि तेही फारशा खर्चाशिवाय. आधी आहे त्याच वाद्यावर उजवा हात सरकवून पाहा. मग टोनचं बटण निम्म्यावर आणा. मग ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी ठेवा, तारांना जेमतेम टेकेल एवढीच. जास्त दाबली तर सूर जाऊन ठोका उरतो. त्यानंतर फ्लॅटवाउंड, त्या बऱ्याचदा जास्त ताणाच्या असतात, म्हणून नेकचा बाक आणि तारांची उंची पुन्हा लावून घ्यावी लागते. नव्या वाद्याचा विचार याच्यानंतर.

राहिली तुमची क्लिप. फोनचा माइक छोटा असतो, मोठा आवाज आला की फोन आपोआप पातळी दाबतो, खालचे स्वर कापतो, आणि मग तुम्ही ती फोनच्याच स्पीकरवर ऐकता, जो ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. त्यातही वरचे स्वरांश उरलेले असतात, आणि ८२, १२३, १६४ असे स्वरांश ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः पुरवतो. हेडफोन लावून ती क्लिप पुन्हा ऐका. टोनबद्दल तिच्यावरून काही ठरवू नका, पण सूर स्नेअरपाशी तुटतात की पुढे वाहतात एवढं तिच्यातूनही कळेल. लांबून काढलेली असेल तर बोटं सुरांच्या आधी हलताना दिसतील, म्हणून क्लिप डोळे मिटूनच ऐका.